होनिंगला आलेलं इंजिन
मिस्त्री नाना पेठेत दुचाकीच्या सिलिंडरचं बोअरिंग करतात. भाच्याला घेऊन माझ्या दुकानात आले तेव्हा निदान ठरवूनच आले होते. "पिस्टन वर जाऊन पकडतोय. लायनरला जरा होनिंग करून द्या. एवढं बारकं माझ्या मशीनवर बसत नाही, नाहीतर मीच मारलं असतं."

बरं झालं बसलं नाही. होनिंग म्हणजे लायनर, म्हणजे सिलिंडरमधली नळी, आतून घासून काढणं. मॉडेल विमानाचं ४० साइजचं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे ०.४० घन इंच, साधारण साडेसहा सीसी. वर्षानुवर्षं माळ्यावर पडून इंधनातलं एरंडेल आत लाखेसारखं घट्ट झालेलं.

मागचं झाकण आणि हेड काढून त्यांना पिस्टन दाखवला. "रिंगा कुठायत?" त्यांनी विचारलं. रिंगा नसतातच. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, लायनर पितळी आणि त्याला आतून क्रोम. लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो, म्हणून थंड असताना पिस्टन वर अडकल्यासारखा वाटतो. पिस्टनच्या मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर, त्यामुळे तो पितळेपेक्षा कमी फुगतो. इंजिन तापलं की लायनर जास्त मोकळा होतो आणि मग बेताची फट राहते. होनिंग केलं असतं तर क्रोम आणि कॉम्प्रेशन दोन्ही गेलं असतं.

मिस्त्रींचा विश्वास बसेना. मग हेड परत बसवून हीट गन लावली आणि इंजिनाचा पंखा त्यांनाच हाताने फिरवायला दिला. वरचा अडसर गेला. मान हलवली त्यांनी, पण फिरवायचं थांबेनात. "थांबा, खरखर आहे. वर नाही, मागे."

बरोबर! मागचं बेअरिंग गंजलं होतं. याच्या इंधनातलं मिथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यातल्याच नायट्रोमिथेनच्या जळण्यातून आम्लं उरतात, आणि लोक उडवून झाल्यावर तेल न घालता इंजिन ठेवून देतात. याबाबतीत मी गिऱ्हाइकांवर नेहमी चिडतो.

शाफ्ट काढून केसिंग ओव्हनमध्ये तापवलं आणि लाकडावर आपटलं. बेअरिंग आपसूक बाहेर पडलं. ठोकाठोक करून बसवणाऱ्यांनी हे एकदा तरी बघावं. ६९०२ नंबरचं नवं बेअरिंग मिस्त्रींनीच आणून दिलं. गजन पिनचे, म्हणजे पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचे, लॉक नवे घातले आणि पिस्टन आधी होता त्याच बाजूने ठेवला. त्याची झीज त्या लायनरशी जुळलेली असते.

दुकानामागच्या स्टँडवर इंजिन सुरू केलं. भाच्याने इंधन कमी-जास्त करणारी सुई भरपूर उघडी ठेवली होती. नवीन काम, हळू चालवायचं म्हणून. या जातीच्या इंजिनाला ते मानवत नाही. थंड चाललं तर लायनर फुगत नाही आणि पिस्टन वर घासत राहतो. मी सांगायला तोंड उघडणार, तोच मिस्त्री ओरडले, "अरे, फोर-स्ट्रोकसारखं वाजतंय! पेट्रोल जास्त जातंय, सुई आत घे."

पेट्रोल नव्हतं ते, पण आयुष्यभर टू-स्ट्रोक स्कूटरी ऐकलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? भाच्याने सुई आत घेतली.