गाणं नको, आधी बातम्या लावा

रेडिओ घेताना बहुतेक जण गाणं लावून बघतात, तेही आवाज पार चढवून. मी बातम्या शोधतो. गाण्यात वाद्यांची इतकी गर्दी असते की रेडिओची खोड त्यात सहज लपून जाते. बातम्या वाचणारा मात्र एकटा असतो. त्याचे 'स' आणि 'श' कानाला टोचू लागले, की तो रेडिओ मी निमूट खाली ठेवतो. नाही टोचले, तर आवाज अगदी बारीक करतो. घरात रेडिओ बहुतेक वेळ तसाच तर चालतो, आपलं काम चालू ठेवून. एवढ्या बारीक आवाजातही शब्द न् शब्द लागला पाहिजे.

खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. खर्ज काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला भरपूर हवा ढकलावी लागते. त्यासाठी पडदा मोठा हवा आणि त्याच्या मागे पुरेशी पोकळी हवी. हल्ली छोट्या पेट्यांमध्ये आणखी एक पडदा बसवतात, पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात त्याला. त्याला वायर नसते, आतल्या हवेच्या दाबानेच तो हलतो. युक्ती छान आहे, पण स्वस्तात उरकलेली असली की सगळा खर्ज एकाच सुरावर घुमतो आणि निवेदक घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा चार इंची स्पीकरचा जरा बोजड खोका मला आवडतो. दिसायला ठोकळा असतो, असू दे.

गंमत पुढे आहे. घरात भरदार वाटणारा हाच ठोकळा अंगणात नेला की एकदम किरटा होतो. घरात भिंती आवाज परत देतात. रेडिओ कोपऱ्यात ठेवला तर खर्ज आणखी चढतो. उघड्यावर परत द्यायला कोणी नसतं आणि अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणून बास आणि ट्रेबलची वेगळी बटणं हवीत, तीही गोल, फिरवायची. मेनूत चार पायऱ्या उतरून ट्रेबल शोधण्याइतका उत्साह माझ्यात नाही.

बाहेर आवाज पातळ झाला, तरी मीडियम वेव्ह, म्हणजे रेडिओवरचा एएमचा पट्टा, तिथेच सुधारते. घरातले चार्जर आणि काही एलईडी दिवे तिच्यावर सतत गुरगुर ओततात. उघड्यावर ती बरीच ओसरते. इथे पुष्कळ जण एरियलची सळई ओढून इकडेतिकडे वळवत बसतात. ती सळई एफएमची. तिथे लहर साधारण ३ मीटर लांबीची, तिचा पाव हिस्सा म्हणजे पाऊण मीटर सळई झकास काम देते. मीडियम वेव्हसाठी पेटीच्या आत फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. त्यामुळे तिथे फिरवायचा तो रेडिओच. सावकाश फिरवत गेलं की एका ठिकाणी स्टेशन जवळजवळ बुडतं आणि तिथून काटकोनात वळवलं की ठणठणीत उभं राहतं. एफएमवर खरखर असेल तर स्टिरिओ बंद करून मोनो लावावा; दुबळ्या सिग्नलला तेवढ्याने बराच आराम पडतो.

पाण्याचं म्हणाल तर आयपीएक्स७ ही पाण्यापासून बचावाची श्रेणी असलेला रेडिओ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरतो. मी रेडिओ ऐकतो, बुडवत नाही, तेव्हा शिंतोडे सोसले तरी मला पुरे. सेलच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. आतच बंद केलेली बॅटरी थकली की बऱ्याचदा अख्खा रेडिओच निकामी ठरतो. टॉर्चचे जाडे सेल वजनाला भारी, पण संपले की बदलले, काम झालं.

आणि हँडल बघा. आवाज, स्टेशन, सेल सगळं जमलेलं असूनही नुसतं हँडल नाही म्हणून टेबलावरच रुतून बसलेले रेडिओ मी पाहिले आहेत.