पडद्याच्या डॉक्टरांकडे: फॉर्म थेंबांच्या आधी वाचा

पहिल्या रात्री मला वाटलं, खिडकीबाहेर वीज चमकली. दिवा बंद करून कुशीवर वळले आणि उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला चंद्रकोरीसारखी एक पांढरी रेघ लखकन उमटून गेली. डोळा हलवला की पुन्हा. सकाळी बहिणीला फोनवर म्हटलं, "अगं, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." ती हसली. आपल्या भाषेत काजवे चमकायला कानाखाली वाजावी लागते, त्यामुळे तिचं काही चुकलं नाही. मीही हसले, आणि एक दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यासमोर काजळी उडाल्यासारखे बारीक ठिपके आले, त्यात एक मोठं कोळिष्टक. चष्मा तीनदा पुसला. उणे साडेनऊचा नंबर गेली तीस वर्षं नाकावर आहे, तेव्हा डोळ्यांची कुठलीही तक्रार मी चष्म्याच्याच नावावर टाकते. दुखत नव्हतं, लाली नव्हती, पाणी येत नव्हतं. मग घाई कसली?

तिसऱ्या दिवशी भाचा आला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघ ना." डावा झाकला तेव्हा कळलं की चौकटीचा खालचा, नाकाकडचा कोपरा जरा धुरकट आहे. दोन्ही डोळे उघडे असताना हे अजिबात जाणवलं नव्हतं. एक डोळा दुसऱ्याची चूक इतक्या बेमालूम झाकतो की आपल्याला पत्ताही लागत नाही. तिथून पुढचा सगळा दिवस कसा गेला ते सविस्तर लिहितेय, कारण जाण्याआधी मला हे कुणी सांगितलं असतं तर बरीच वणवण वाचली असती.

आधी फोन. मी फोनवर म्हटलं, "नीट दिसत नाहीये, जरा पडदा आल्यासारखं वाटतंय." पलीकडून पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली. मराठीत दृष्टिपटलालाही (डोळ्याच्या आत मागे असलेला, उजेड टिपणारा थर, म्हणजे रेटिना) पडदा म्हणतात, समोर सावली आली तरी पडदा, आणि मोतीबिंदूलाही कितीतरी लोक पडदाच म्हणतात. ऐकणाऱ्याने काय समजायचं? भाच्याने फोन घेतला आणि चार गोष्टी सांगितल्या: तीन दिवसांपासून अचानक चमका दिसतायत, नवे काळे ठिपके आलेत, एका कोपऱ्यात सावली आहे, नंबर उणे साडेनऊ. "लगेच या," असं उत्तर आलं. तेव्हा फोन करताना 'अचानक', 'चमका', 'ठिपके', 'सावली' आणि कधीपासून, एवढं नेमकं सांगा.

नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हनुवटी टेकवायच्या मशिनमधून पाहिलं आणि डोळ्यातल्या जेलमध्ये तपकिरी कण तरंगताना दिसतायत म्हणाल्या. हे कण म्हणजे पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या पेशी. त्या जेलमध्ये आल्या याचा अर्थ पडद्याला कुठेतरी चीर असण्याची शक्यता बरीच मोठी. त्यांनी चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, "उद्या नाही, आजच."

रेटिनाच्या दवाखान्यात अर्धा दिवस जातो हे गृहीत धरूनच निघा. बाहुली मोठी करायच्या थेंबांनंतर निदान चार-सहा तास गाडी चालवता येत नाही, म्हणून कुणीतरी बरोबर हवं. सध्याचा आणि जुना चष्मा, औषधांची यादी (रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आठवणीने), मधुमेह असेल तर अलीकडचे रिपोर्ट, आधीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे कागद, हे सगळं पिशवीत टाका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर डबी न्या, ती काढावी लागते. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात: लेझर करून चष्मा घालवला असेल तरी जुना नंबर सांगा. लेझरने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा आकार बदलतो, पण मोठ्या उणे नंबराचा डोळा मुळातच लांबट असतो आणि त्याचा पडदा ताणलेला असतो, तो तसाच राहतो.

तिथे आधी अक्षरांचा तक्ता, मग डोळ्याचं प्रेशर, मग थेंब. थेंब झोंबतात आणि थोड्या वेळाने घशात कडू लागतात. घाबरू नका, अश्रूंची नळी नाकात उघडते, म्हणून. काचबिंदू असेल किंवा डोळ्याचा कोन अरुंद आहे असं पूर्वी कुणी सांगितलं असेल, तर ते थेंबांच्या आधी सांगायचं. बाहुली पूर्ण मोठी व्हायला अर्धा तास लागतो, माझ्या डोळ्यांना तीनदा थेंब टाकावे लागले.

आणि मग, जवळचं काहीही दिसेनासं झाल्यावर, हातात संमतीचा फॉर्म आला. दोन पानं, मुंगीएवढी अक्षरं. डोळ्यांच्या दवाखान्यात हा उफराटा क्रम कुणाच्या डोक्यातून निघाला असेल? भाच्याने शब्दन् शब्द वाचून दाखवला तेव्हा मी सही केली, तीही दोन ओळी खाली घसरली. तुम्ही पोचल्या पोचल्याच विचारा: काही फॉर्म भरायचा आहे का, मग आत्ताच द्या. डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही आधीच मोठ्या अक्षरांत लिहून बरोबरच्या माणसाकडे द्या.

थांबण्याच्या वेळात शेजारचे गृहस्थ बोलायला लागले, मान खाली घालूनच. त्यांचा पडदा सुटला होता, दोन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यात गॅस भरला होता. गॅसचा बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरतो, आणि तो योग्य जागी टेकावा म्हणून डोकं ठरावीक स्थितीत ठेवायचं. त्यांना दिवसातले बरेच तास खाली मान. "झोपसुद्धा पालथी," ते म्हणाले. "कपाळाखाली हाताची घडी घालतो, मग हातांना मुंग्या येतात." बुडबुडा दिसतो का, असं मी विचारलं. तर म्हणाले, सुरुवातीला सगळंच धुकं होतं, आता भांड्यातल्या पाण्यासारखी एक आडवी रेषा दिसते, मान हलवली की हिंदकळते. रेषेच्या वरचं स्पष्ट, खालचं धूसर, आणि रेषा रोज थोडी खाली उतरते. बुडबुडा खरं तर डोळ्यात वर असतो, पण डोळ्यात प्रतिमा उलटी पडते म्हणून आपल्याला तो खाली दिसतो. गॅस कोणता यावर दोन-तीन आठवडे किंवा दोन महिन्यांपर्यंतही तो राहतो. तोवर विमानप्रवास नाही, उंच घाट नाही. वर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो आणि डोळ्याचं प्रेशर धोकादायक वाढतं. दुसऱ्या कशासाठी भूल घ्यायची वेळ आली तरी डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगायचं, भुलीतल्या नायट्रस ऑक्साइडनेही तेच होतं. त्यांच्या मनगटावर तशा सूचनेचा पट्टा होता.

समोरच्या बाईंना मधुमेहामुळे पडद्याच्या मध्यभागी सूज होती, इंजेक्शनची त्यांची पाचवी खेप. डोळ्यात सुई म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. त्या मात्र शांत होत्या. "सुई कळतही नाही गं, पांढऱ्या भागातून देतात. आधी धुतात ना त्या तपकिरी औषधाने, ते मात्र रात्रीपर्यंत चुरचुरतं." नंतर पांढऱ्या भागात लाल डाग दिसला तर तो आपोआप जातो. पण पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढत गेलं आणि दिसणं कमी होत गेलं, तर त्याच दिवशी फोन करायचा, हे त्यांना प्रत्येक वेळी बजावून सांगतात.

माझा नंबर आला. आधी ओसीटी: हनुवटी टेकवायची, एका खुणेकडे बघायचं, बस्स. हात न लावता प्रकाशाने पडद्याच्या थरांचा आडवा छेद दिसतो. भाच्याने स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, खाज्याच्या पदरांसारखं दिसतंय, मधे एक खळगा." तो खळगा म्हणजे बारीक अक्षरं वाचायची जागा. माझा खळगा जागेवर होता, आणि त्या दिवसातली ती पहिली चांगली बातमी.

मग खरी तपासणी. आडवं झोपवलं. डॉक्टरांच्या कपाळावर दिवा, हातात जाड भिंग. "वर बघा. उजवीकडे वर. उजवीकडे." तो उजेड इतका प्रखर असतो की डोळा आपोआप मिटतो. त्यातच पापणीवरून धातूच्या बोथट काडीने डोळा बाजूने दाबतात, कारण पडद्याची अगदी कड एरवी नजरेच्या टप्प्यात येत नाही. दुखण्यापेक्षा ते विचित्रच जास्त वाटतं. या वेळी श्वास रोखून ताठ होऊ नका, मी झाले आणि तपासणी लांबली. संपल्यावर काही मिनिटं सगळं जग जांभळट दिसतं.

मग डॉक्टरांनी कागदावर गोल काढला. कागद उलटा धरून. त्या भिंगातून चित्र उलटं दिसतं, म्हणून कागदच उलटा ठेवला की पाहिलं तसं उतरवता येतं. लाल पेन्सिल म्हणजे जागेवर असलेला पडदा, निळी म्हणजे सुटलेला. माझ्या गोलात वरच्या बाहेरच्या बाजूला घोड्याच्या नालेसारखी एक चीर निघाली आणि तिच्याभोवती निळ्याची बारीक किनार. सुटलेलं वर, सावली खाली, म्हणून चौकटीचा खालचा कोपरा.

वयाबरोबर डोळ्यातलं जेल आकसतं आणि पडद्यापासून सुटतं, जाड चष्मेवाल्यांचं जरा लवकर. सुटताना ओढ बसते, ती पडद्याला उजेडासारखी कळते, त्याच चमका. बहुतेकांचं एवढ्यावरच भागतं. दहात एक-दोघांच्या पडद्याला मात्र चीर पडते, चिरेतून पाणी मागे शिरतं आणि भिंतीवरचा कागद ओल धरून सुटावा तसा पडदा सुटत जातो. पडद्याला वेदना कळत नाहीत, म्हणून काही दुखत नाही. "मधला भाग सुटला असता तर ऑपरेशन करूनही नजर पूर्ण परत येईल असं म्हणता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. मी भाच्याकडे बघितलं. अर्थात दिसला नाहीच.

निळी किनार अरुंद होती, त्यामुळे ऑपरेशनऐवजी तिच्याभोवती लेझरचं कुंपण घालायचं ठरलं. डोळा बधिर करून त्यावर एक भिंग बसवतात. हिरव्या ठिणग्या टप-टप पडत राहतात. पहिल्या पन्नास काहीच वाटल्या नाहीत, मग कडेच्या काही दातात कळ जावी तशा आत लागल्या. सांगितलं तर डॉक्टर थांबतात. मी आधी उगाच सोसत बसले होते. दहा-पंधरा मिनिटांत काम झालं.

ही कल्पनाच मुळात सूर्याची. 1945च्या सूर्यग्रहणाकडे बघून पडदा भाजलेल्या रुग्णाला पाहून मायर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरांना सुचलं की मुद्दाम, मोजून भाजलं तर पडदा चिकटवता येईल. सुरुवातीला त्यांनी खरोखर आरशांनी सूर्यप्रकाशच वळवून डोळ्यात सोडला होता. त्याआधी, 1920च्या दशकात, स्वित्झर्लंडच्या झ्यूल गोनाँ यांनी चीर बंद केली तर सुटलेला पडदा परत बसतो हे दाखवून दिलं. तोवर या दुखण्याला औषधच नव्हतं. हे सगळं मी घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी वाचलं, भिंग घेऊन.

निघताना डॉक्टरांनी डाव्या डोळ्याचाही गोल दाखवला. तक्रार नसलेल्या त्या डोळ्यात विरलेल्या कापडासारखा एक पट्टा आणि त्यात जुनं बारीक भोक. त्याला हात लावायचा नाही, लक्ष ठेवायचं. म्हणून दुसरा डोळाही तपासला जाईल ना, हे विचारून घ्या. थेंब दोन्ही डोळ्यांत का, असं म्हणत मी सकाळी हुज्जत घातली होती.

लेझरचं कुंपण पक्कं व्हायला दोन आठवडे लागतात. तोवर काय करायचं नाही हे प्रत्येकाला वेगवेगळं सांगतात, मला जड उचलणं आणि धावपळ बंद होती, वाचायला मोकळीक होती. रोज सकाळी एकेक डोळा झाकून तीच चौकट बघायची. नव्या ठिपक्यांचा थवा, वाढलेल्या चमका किंवा सावली आली तर तारखेची वाट न बघता जायचं. लेझरने चीर बांधली जाते, ठिपके जात नाहीत, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात कोळिष्टक तसंच पाहून मी काम फसलं म्हणून रडले होते. आणि हो, परत येताना गॉगल नव्हता. टोपी आणि गॉगल दोन्ही न्या, मी भाच्याचा हात धरून डोळे मिटूनच चालले.

दहा दिवसांनी एकदा, सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवलं. चीर बंद आहे. चमका आता क्वचित, कोळिष्टक पांढऱ्या भिंतीसमोरच दिसतं.

भाच्याचा नंबर उणे सात. परवा त्याला घेऊन गेले. थेंब टाकायला ताई आल्या तेव्हा तो म्हणाला, "एक मिनिट, आधी फॉर्म." त्या म्हणाल्या, फॉर्म डॉक्टरांनी बघितल्यावर मिळेल. शेवटी मीच वाचून दाखवला.