हिशेब हिंदीत, शुभंकरोती मराठीत

इंदूरच्या मराठी घरांमध्ये एक गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्षही जात नाही. घरातली माणसे एकमेकांशी मराठीत बोलत असतात, पण दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब करायची वेळ आली की बोलणारा क्षणभर थांबतो, त्याचे ओठ हलू लागतात आणि ‘सात चौके अट्ठाईस’ असे काहीतरी पुटपुटून झाल्यावर तो उत्तर मात्र पुन्हा मराठीत सांगतो. शाळा हिंदी माध्यमाची, पाढे हिंदीत पाठ केलेले, म्हणून हिशेबही हिंदीत. तोच माणूस तिन्हीसांजेला देवापुढे शुभंकरोती म्हणतो, तेव्हा त्यात हिंदीचा लवलेश नसतो. रामबागेत काय किंवा लोकमान्यनगरात काय, ही वाटणी सारखीच आढळते.

एलिझाबेथ स्पेल्के आणि साना त्सिवकिन या संशोधकांनी रशियन आणि इंग्रजी या दोन्ही भाषा येणाऱ्या लोकांना काही गणिते एका भाषेत शिकवली, काही दुसऱ्या भाषेत, आणि मग ती दोन्ही भाषांत विचारून पाहिली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की नेमके उत्तर हवे असेल तेव्हा ते शिकलेल्या भाषेत लवकर सापडते, अंदाजाने उत्तर द्यायचे असेल तर मात्र भाषेमुळे फारसा फरक पडत नाही. म्हणजे पाढा नुसत्या आकड्यांनी बनलेला नसतो. तो शब्दांसकट, चालीसकट डोक्यात बसलेला असतो. भाजी महाग आहे हे आम्हाला मराठीत कळते आणि भाजीवाल्याने परत दिलेले सुटे पैसे आम्ही हिंदीत मोजतो, यामागचे कारण बहुधा हेच असावे.

शुभंकरोतीची गोष्ट आणखी निराळी आहे. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे लबोर्न्य नावाचा एक रुग्ण आला. तो वर्षानुवर्षे रुग्णालयातच राहत होता, समोरच्याचे बोलणे त्याला बरेचसे कळत असे, पण स्वतः बोलायला गेला की तोंडातून ‘तां’ एवढेच निघे. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके याने कानाच्या वरच्या बाजूच्या, जरा मागच्या भागाचा संबंध बोलणे समजण्याशी जोडला, आणि भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात नांदते हे चित्र रूढ झाले. लबोर्न्यविषयीचा मला सर्वांत विलक्षण वाटणारा तपशील वेगळाच आहे: फार संतापला की त्याच्या तोंडून एक शिवी मात्र स्वच्छ बाहेर पडत असे. शब्द जुळवून बोलणे आणि घोटून घोटून मुरलेले शब्द आपोआप तोंडी येणे, यांच्या वाटा मेंदूत सर्वस्वी एक नसतात. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंना पक्षाघातानंतर पाणी मागता येत नसे, पण गणपतीत आरती सुरू झाली की त्या सर्वांबरोबर शब्दन् शब्द म्हणत. शिवी आणि आरती एकाच वाटेने येतात, हे त्यांच्यासमोर बोलण्याचे धाडस अर्थातच कोणी केले नसते.

दोन भाषा बोलणाऱ्याची वाचा गेली तर आधी कोणती भाषा परत येईल, हा प्रश्न आमच्यासारख्यांना पडणे साहजिक आहे. रिबो या फ्रेंच अभ्यासकाच्या मते सर्वांत आधी शिकलेली; १८९५ मध्ये पित्रने मांडले की सर्वांत अधिक वापरातली. इंदूरकराच्या बाबतीत पहिलीचे नाव मराठी आणि दुसरीचे हिंदी. पुढे तपासलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांत दोन्ही भाषा बरोबरीनेच परतताना दिसल्या, त्यामुळे निदान या बाबतीत तरी घरात वाद उरत नाही.

खरे आश्चर्य धडधाकट माणसांच्या साध्या गप्पांचे आहे. समोर एखादे चित्र दिसल्यापासून त्याचे नाव उच्चारायला सुरुवात करेपर्यंत माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात अर्थ पकडणे, शब्द निवडणे, त्याचे ध्वनी लावणे आणि जीभ, ओठ, स्वरयंत्र यांना कामाला लावणे एवढे सगळे उरकायचे असते. उलट, २००९ मध्ये दहा भाषांतील संभाषणे तपासली गेली, तेव्हा एकाचे बोलणे संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाले. सरळ हिशेब आहे: समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच आपण त्याचा शेवट ओळखून आपले उत्तर जुळवायला घेतलेले असते. माझ्या सासूबाई तर तो शेवट मोठ्याने बोलूनही दाखवत.

या घाईत दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात दोन्हीही जाग्या असतात, एकीत बोलत असतानाही दुसरी मिटून ठेवता येत नाही. एकाच ओट्याशी दोन जावा उभ्या असाव्यात आणि एकीने हात आवरता घेतल्याशिवाय दुसरीला पोळी लाटता येऊ नये, तसा हा कारभार चालतो. १९९९ मध्ये म्यूटर आणि ऑलपोर्ट यांनी लोकांना हुकुमानुसार कधी या भाषेत, कधी त्या भाषेत आकडे वाचायला लावले. अपेक्षेच्या अगदी उलट, कच्च्या भाषेकडून पक्क्या भाषेकडे परतताना अधिक वेळ लागला, कारण पक्कीला दाबून धरायला जोर अधिक लावावा लागतो आणि तो जोर लगेच ओसरत नाही. पुढच्या प्रयोगांतून आणखी एक बाब समोर आली. कोणत्या भाषेत बोलायचे ते बोलणाऱ्यावरच सोपवले, तर भाषा बदलण्याचा हा भार बराच हलका होतो, कारण जो शब्द आधी हाताशी येतो तोच उचलला जातो.

पुण्याचे पाहुणे आले की आमच्या बोलण्यातली ही सरमिसळ ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर एक सोशिक हसू उमटते. त्यांना ती आळशीपणाची खूण वाटते. मला ती तशी वाटत नाही. ज्या गावात बाजार, शाळा आणि कचेरी हिंदीत आहे, तिथे मेंदूने दोन्ही भाषा हाताशी ठेवणे हीच काटकसर आहे. मात्र या काटकसरीत काही गोष्टी निसटतात हेही खरे आणि त्यांत पहिला बळी ‘ळ’चा जातो.

१९८४ मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातील इंग्रजीभाषक घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना हा फरक ओळखता येत होता. वर्षाची होता होता बहुतेकांचे कान त्याला बोथट झाले, कारण घरात तो कामाचा नव्हता. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. खुद्द माळव्याच्या माळवीत तो आहे, पण शहरातल्या मुलांच्या कानांवर माळवी आता फार थोडी पडते. माझी नात दहा महिन्यांची आहे, म्हणून सध्या मी तिच्यापुढे केळे, डोळा, बाळ, कावळा हे शब्द जरा ठासूनच उच्चारते, आणि सून स्वयंपाकघरातून विचारते, ‘आई, आज कोणावर रागावलात?’