तंग कसण्याआधीचे आठ महिने

ती घोडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या तांबूस अंगावर, खोगिराचा पुढचा भाग जिथे टेकतो त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे पांढऱ्या केसांचे दोन डाग होते. न बसणारे खोगीर एकाच जागी सतत रुतत राहिले की केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि पुढे तिथे पांढराच केस उगवतो. ओठांच्या कोपऱ्यांत लगामाने पडलेले जुने घट्टे होते. तिच्याशी कोण कसे वागले हे मला कुणी सांगितले नाही, आणि हे सारे पाहिल्यावर विचारावेसेही वाटले नाही. जुने नाव ठाऊक नसल्यामुळे मी तिला नुसतेच ‘बाय’ म्हणू लागले.

पहिल्याच दिवशी मी मोठी चूक करणार होते. बरगड्या मोजता येतील असे जनावर समोर आले की हात आपोआप चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, पोत्याकडे जातो. पशुवैद्यांनी तो वेळीच अडवला. घोड्याच्या अंगावरील मांस-चरबी 1 ते 9 अशा गुणांत मोजण्याची एक पद्धत 1983 पासून रूढ आहे. त्यांनी तिला 2 गुण दिले आणि दाणा पूर्ण बंद ठेवायला सांगितले. दीर्घ उपासमारीनंतर दाण्यातला पिष्टमय अंश एकदम पोटात गेला, तर इन्सुलिन उसळते आणि रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढले जाते. उपासमारीतून वाचलेला घोडा मग खाऊ घातल्यामुळे हृदय बंद पडून मरू शकतो. म्हणून सुरुवातीचे दिवस दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, अर्धा किलोच्या आसपास लसूणघास आणि समोर कायम पाणी, एवढेच चालले. ती रिकामी घमेली चाटत असे आणि मी पाठ फिरवून निघून येत असे. त्या दहा दिवसांइतके कठोर मला नंतर कधी व्हावे लागले नाही.

खुरांबद्दल थोडक्यात सांगते. खूर महिन्याला सेंटिमीटरभरही वाढत नाही, त्यामुळे चिरलेला, वेडावाकडा खूर पूर्ण नवा व्हायला वर्षाच्या आसपास वेळ लागतो. नालबंद ठरावीक दिवसांनी येऊन थोडे थोडे तासून जाई. तिथे घाई करणे कुणाच्याच हातात नव्हते.

खरी अडचण स्पर्शाची होती. घाम पुसायला मी हात कपाळाकडे नेला तरी ती ठाणाच्या मागच्या भिंतीला जाऊन भिडत असे. घोड्याला स्वतःभोवतीचे जवळजवळ 350 अंश दिसते. फक्त कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीच्या थेट मागचा पट्टा त्याच्या नजरेबाहेर राहतो. त्यामुळे समोरून चाल करून जाण्याऐवजी मी खांद्याच्या रोखाने, तिरकी, जमिनीकडे पाहत जाऊ लागले. ती मान ताठ करी, कान माझ्याकडे रोखी, आणि खांद्यावरची कातडी माशी बसल्यासारखी थरथरे. तिथेच थांबायचे. पुढे जायचे नाही, पण मागेही सरायचे नाही, कारण ती घाबरलेली असताना आपण मागे सरलो तर घाबरल्याने माणूस टळतो एवढेच ती शिकते. ती एक श्वास सोडी, कान सैल होई, आणि त्याच क्षणी मी दोन पावले मागे येई. घोडा दाबातून शिकत नाही, दाब कधी सुटला त्यावरून शिकतो, हे मी पूर्वी शंभरदा ऐकले होते. पण तो क्षण किती बारीक असतो हे त्या ठाणात उभे राहून कळले. दोन सेकंद उशीर झाला की तिच्या मनात वेगळाच अर्थ बसलेला असे.

घोडा शिकवणाऱ्याला आपल्या भाषेत ‘चाबुकस्वार’ म्हणतात. शब्दातच चाबूक आधी आणि स्वार नंतर आहे, याची मला त्या काळात वारंवार गंमत वाटे आणि जरा लाजही.

सातव्या आठवड्यात तिने मानेच्या मुळाशी खाजवू दिले. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ती हीच जागा, आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिले गेले आहे. मीही स्टेथोस्कोप लावून पाहिला. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण 28 ते 44 असतात. बायचे मोकळ्या हाताने गेल्यावर 40 भरले, आणि दोर खांद्यावर टाकून गेले तेव्हा 72. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा ती सारखीच शांत उभी दिसली असती. त्यानंतर मी ‘शांत उभी आहे’ या शब्दांवर विश्वास ठेवणे सोडले. म्होरकी, म्हणजे तोंडाभोवतीचा दोर, चढवायला आणखी तीन आठवडे गेले: आधी ती नुसती कुंपणावर टांगली, मग म्होरकीनेच खरारा केल्यासारखे बायचे अंग घासले, मग तिच्या फासातून हात घालून घास भरवला. शेवटी तिनेच नाक आत घातले.

इतके जमल्यावर मला घाई झाली. पाचव्या महिन्यात, अंग भरले होते म्हणून, मी खोगीर टाकून तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, एका दमात कसला. तिने जागच्या जागी उसळी मारली, खोगीर पोटाखाली फिरले आणि ती कुंपण मोडून गेली. ती हट्टी आहे असे एका अनुभवी गृहस्थांनी सांगितले. पशुवैद्यांनी मात्र आधी पाठ दाबून पाहिली, मग तोंड उघडले: वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या वाढून गालाला जखमा करीत होत्या आणि पाठीचा डावा स्नायू दुखरा होता. दाढा घासून घेतल्या, खोगीर तिच्या पाठीच्या मापाने नवे भरून घेतले, आणि मी पुन्हा दुमडलेल्या टॉवेलापासून सुरुवात केली. टॉवेल, मग घोंगडी, मग सैल पट्टा, मग रोज एकेक छिद्र. आठव्या महिन्याच्या अखेरीस तंग पूर्ण कसला तेव्हा ती गवत चघळत होती.

आता मी तिच्यावरून लगामाशिवाय, नुसत्या म्होरकीवर, कदम चालीने फेरी मारते. दुडकीला, म्हणजे हलक्या धावेला, अजून वेळ आहे. खांद्यामागचे पांढरे डाग तसेच आहेत. घाम पुसायला हात एकदम वर गेला तर ती अजूनही मान ताठ करते, डावा कान माझ्याकडे वळवते, थांबते, आणि पुन्हा खाली वाकून खाऊ लागते.