बाराटांगला जाताय? आधी भरती बघा, मग एजंटला फोन करा

अंदमानातल्या बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहांना जायचं असेल तर आधी पोर्ट ब्लेअरचं (आता श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं टेबल उघडा, बाकी सगळं नंतर. आम्हाला हे कुणीच सांगितलं नाही. एजंट म्हणे "अर्धा तास बोटीत बसायचं सर, एकदम आरामात", आणि जिथून गुहांची बोट सुटते त्या निलांबूर जेट्टीवर तिकिटाचा दर बघितला तर आमच्याकडून जवळपास दुप्पट घेतलेले! बोटीचे पैसे पॅकेजमध्ये देऊच नका, स्वतः काउंटरला भरा आणि पावती घ्या.

मोठ्या खाडीतला प्रवास मस्त आहे, तिथे काही प्रॉब्लेम नाही. वाट लागते ती शेवटी, खारफुटीत शिरणाऱ्या त्या चिंचोळ्या फाट्यात. आम्ही पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी, पाणी इतकं कमी की बोटवाल्याने इंजिन वर उचललं आणि बांबूने रेटत नेलं, दोन्हीकडे नुसत्या मुळ्या आणि काळा चिखल, मध्येच बोट रुतली आणि उतरून ढकलायचा प्रश्नच नाही कारण इथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. हातसुद्धा बोटीबाहेर काढू नका. आणि मग ती उतरायची जेट्टी! भरतीत पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, शेवाळाने गुळगुळीत, सगळ्यात डेंजर जागा हीच. आमच्यातल्या एक काकू पडता पडता वाचल्या. चप्पल घालून अजिबात जाऊ नका, ग्रिपवाले बूटच हवेत.

"मित्र मागच्या आठवड्यात गेलेला, भरपूर पाणी होतं" यावर जाऊ नका. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात चित्र बरोब्बर उलटं, त्याला ज्या वेळी भरती होती त्याच वेळी तुम्हाला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला तर पाणी अजून खाली जातं. जिरकाटांग चेकपोस्टहून बाराटांगकडे गाड्यांचा काफिला ठरलेल्या वेळीच सुटतो, त्यामुळे वेळ बदलता येत नाही, तारीखच बदला. भरतीत जमत असेल तर डोळे मिटून जा, त्या फांद्यांच्या बोगद्यासारखं दुसरं काही मी बघितलेलं नाही. ओहोटीत मिळत असेल तर सरळ कॅन्सल करा.

वाटेत जारवा आदिवासींचं राखीव जंगल लागतं, तिथे थांबणं, फोटो काढणं, खायला देणं, सगळ्याला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. ड्रायव्हर "दाखवतो" म्हणाला तर तिथल्या तिथे गप्प करा.

गुहेपर्यंतची चाल सोपी आहे, पण दमट हवेने जीव जातो, पाणी आणि टॉर्च जवळ ठेवा. बाराटांगवरचा चिखलाचा ज्वालामुखी नाही बघितला तरी चालेल, परतीचा काफिला चुकणार असेल तर नक्कीच सोडा.