‘काल’ घर घेऊ नका: आइंडहोवनमधले पहिले सहा महिने

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या जाहिरातीत ‘काल’ असा एक डच शब्द होता. त्याच भागातल्या तेवढ्याच घरांपेक्षा भाडं महिन्याला दोनशे युरोंनी कमी होतं. आम्ही शब्द सोडला, आकडा धरला आणि सही केली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चावी घेऊन दार उघडलं, तर खाली नुसता सिमेंटचा कोबा. प्रत्येक खोलीत छतातून दोन वायरी लोंबत होत्या. खिडक्या भिंतभर, त्यांना पडद्याचा दांडासुद्धा नाही. पुण्यात रिकामा फ्लॅट म्हणजे फर्निचर नसलेला फ्लॅट. इथे आधीचा भाडेकरू पायाखालची जमीनसुद्धा उचलून घेऊन जातो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

आमची मुलगी साडेचार वर्षांची. सवयीने तिने दारात बूट काढले, चार पावलं चालली आणि परत आली. तळवे राखाडी झाले होते आणि गारठले होते. पुढचे एकोणीस दिवस आम्ही घरात बूट घालून वावरलो. कोब्याची पूड अंथरुणात, कपड्यांत, पोळीच्या डब्यात, कुठे कुठे गेली सांगता येत नाही. हिवाळ्यात लहान मूल घेऊन येत असाल तर ‘काल’ घर अजिबात घेऊ नका, भाडं कितीही कमी असो.

तीन शब्द पाठ करून ठेवा. ‘काल’ म्हणजे उघडंबोडकं. ‘खेस्टोफेअर्ट’ म्हणजे खाली फ्लोअरिंग आणि बहुतेक वेळा पडदे. ‘खेम्यूबिलेअर्ट’ म्हणजे फर्निचरसकट. नवीन येणाऱ्यांसाठी मधलं उत्तम. फर्निचर जुनं आणि स्वस्त मिळतं, जमीन मात्र मिळत नाही. आमचं घर बहात्तर चौरस मीटरचं. लॅमिनेट, त्याखालचा थर, कडेच्या पट्ट्या, दिवे, पडदे आणि दोन दिवसांची मजुरी मिळून ३,४०० युरो गेले. म्हणजे भाड्यात ‘वाचलेले’ दोनशे युरो वसूल व्हायला सतरा महिने.

‘काल’ घराशिवाय इलाजच नसेल, तर जाणाऱ्या भाडेकरूला गाठा. त्याचं फ्लोअरिंग आणि पडदे विकत घेता येतात, त्याला ‘ओव्हरनामे’ म्हणतात. आम्हाला हे कोणीच सांगितलं नाही. आमच्या आधीच्या माणसाने चांगलं लॅमिनेट उखडून टाकून दिलं, हे नंतर कळलं तेव्हा मला रडू आलं.

आणखी एक. इमारतीत वरच्या मजल्यावर असाल तर फ्लोअरिंगखाली आवाज अडवणारा थर लागतो, बऱ्याच ठिकाणी किमान १० डेसिबलचा. स्वस्तातला पातळ फोम घेऊ नका. आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरीच्या बाई राहतात. चौथ्याच दिवशी त्यांनी बेल वाजवली आणि दारातच सरळ म्हणाल्या, “तुमची मुलगी धावते ते माझ्या डोक्यावर धावते. फ्लोअरिंग कधी येणार?” ना नमस्कार, ना ओळख. माझा चेहरा पडला, रात्रभर वाटत राहिलं की पहिल्याच आठवड्यात भांडण ओढवून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या लॅमिनेट कापायचं यंत्र घेऊन वर आल्या. ते कसं धरायचं, हे गुडघ्यावर बसून नवऱ्याला दाखवलं, चहा घेतला आणि सहा वाजता जेवायला खाली गेल्या. मी त्यांना ‘काकू’च म्हणणार होते, पण त्यांनी नावानेच हाक मारायला सांगितलं. इथे कोणी तोंडावर बोललं तर तो राग समजू नका. मनात ठेवत नाहीत, ही मला या देशातली सगळ्यात मोठी सोय वाटते.

आता एजंट. त्याने करारासोबत एका महिन्याचं भाडं आणि त्यावर २१ टक्के व्हॅट, म्हणजे १,७५४ युरो ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून लावले. घर हातचं जाईल या भीतीने आम्ही भरले. घरमालकासाठी काम करणाऱ्या एजंटला भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. पैशाला नाव कोणतंही दिलं तरी फरक पडत नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्याने सांगितल्यावर आम्ही रजिस्टर्ड पत्र पाठवलं, चौदा दिवसांची मुदत दिली आणि अकराव्या दिवशी पूर्ण रक्कम परत आली. फोनवर वाद घालू नका, सगळं लेखी करा. डिपॉझिटला इथे ‘बोर्ग’ म्हणतात. १ जुलै २०२३ नंतरच्या करारात ते मूळ भाड्याच्या दुप्पट, याहून जास्त मागता येत नाही. मूळ भाडं म्हणजे सर्व्हिसचा खर्च सोडून. चावी घेताना प्रत्येक भिंतीचे, नळाचे, खिडकीच्या कडांचे फोटो काढून त्याच दिवशी मेल करा.

आरोग्यविम्यातही आम्ही फसलो. तो काढायला चार महिने असतात असं ऐकून आम्ही तिसऱ्या महिन्यापर्यंत थांबलो. हप्ता मात्र मागच्या तारखेपासून लागला, तीन महिन्यांचा एकदम. थांबून एक पैसाही वाचत नाही. फॅमिली डॉक्टरला ‘हाउसआर्ट्स’ म्हणतात. त्यांच्याकडे जाण्याचे पैसे तुमच्या खिशातून जात नाहीत, पण त्यांनी लिहून दिलेली रक्ततपासणी वर्षाच्या ३८५ युरोंच्या ‘एखन रिसिको’त, म्हणजे विम्याचे पैसे मिळण्याआधी स्वतः भरायच्या रकमेत धरतात. अठरा वर्षांखालच्या मुलांना ते लागू नाही. पत्ता मिळाला की त्याच आठवड्यात हाउसआर्ट्सकडे नाव घाला, कारण बरेच दवाखाने नवीन पेशंट घेत नाहीत. आम्हाला पाचव्या दवाखान्यात जागा मिळाली.

तुम्हाला सायकल येते आणि तुम्ही पावसाची पँट घेतली आहे, हे मी धरूनच चालते. समोरून वारा असला की दहा मिनिटांच्या रस्त्याला वीस लागतात, तेवढं लक्षात ठेवा. शाळा चांगली आहे, ऑफिस चांगलं आहे आणि एप्रिलपासून रात्री साडेआठलाही उजेड असतो.

कारली हवी असतील तर हेगच्या मोठ्या बाजारात जा. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. कारल्याला ‘सोप्रोपो’ म्हणायचं आणि चवळीच्या लांब शेंगांना ‘काउसेबांट’. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामहून आलेल्या, मूळच्या भारतीय वंशाच्या हिंदुस्तानी लोकांनी हे इथे रुजवलं. १८७३ मध्ये ‘लाला रूख’ जहाजातून ज्यांचे पूर्वज मजूर म्हणून सुरिनामला गेले, त्यांच्यापैकी एका आजोबांनी माझ्या पिशवीत मूठभर मिरच्या जास्त टाकल्या आणि भोजपुरीसारख्या बोलीत घरची चौकशी केली. अर्धं कळलं, पण मार्चमधल्या त्या दिवशी तेवढंही खूप होतं.

फ्लोअरिंग स्वतः घातलं असेल तर घर सोडताना त्याचं काय करायचं, हे मालकाकडून आत्ताच लिहून घ्या. नाहीतर तेही तुम्हालाच उखडावं लागू शकतं. पुढच्या भाडेकरूला विकायला हरकत नाही, असं आम्ही मेलवर घेतलं आहे.