पाठवली कमी, पोचली जास्त

साताऱ्याच्या पठारावरचा वारा आणि नेपाळच्या नद्यांची वीज एकाच ग्रिडवर एकमेकांना किती सावरतील, याचा हिशेब चालू होता. नेपाळमधलं ढल्केबर ते बिहारमधलं मुजफ्फरपूर या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीच्या दोन्ही टोकांचे आकडे शेजारी मांडले आणि हात थांबला. रात्री निर्यात चढत असताना नेपाळने पाठवलेल्या विजेपेक्षा इकडे पोचलेली वीज जास्त! वाहिनीत वीज घटते, वाढत नाही. संध्याकाळी निर्यात उतरताना उलट, घट अवाच्या सवा.

पहिला संशय मीटरच्या गुणकावर, म्हणजे मीटरवरचा आकडा ज्याने गुणून खरी वीज काढतात त्यावर. पण गुणक चुकला तर फरक सगळीकडे सारख्याच टक्क्यांचा येतो. इथे भार स्थिर असला की आकडे जुळत, बदलला की तुटत. म्हणजे घोळ घड्याळाचा. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, आणि आपल्या ग्रिडचा दिवस १५ मिनिटांच्या ९६ ब्लॉकचा. आमच्या फाइलीत नेपाळचा स्तंभ नेमका एक ब्लॉक सरकला होता. बांगलादेश जोडताना तो दोन ब्लॉक सरकेल.

मग वाऱ्याचे स्तंभही उघडले. मास्टवरचा, म्हणजे वारा मोजायच्या मनोऱ्यावरचा लॉगर (नोंदी ठेवणारं यंत्र) १० मिनिटांची सरासरी देतो. वेळेचा शिक्का त्या दहा मिनिटांच्या सुरुवातीचा की शेवटचा, हे आधी ठरवायला हवं. मास्टवर सौर किरणमापक असेल तर निरभ्र दिवशी, म्हणजे जानेवारीत, किरण कधी दिसू लागतात ते गणिताने काढलेल्या सूर्योदयाशी ताडायचं. पावसाळ्यातल्या ढगांत ही खूण मिळत नाही. तीन नोंदींतून दोन ब्लॉक करताना मधली नोंद अर्धी-अर्धी वाटायची. आणि आधी पॉवर कर्व्हवरून (कोणत्या वेगाला पवनचक्की किती वीज देते त्या आलेखावरून) मेगावॉट काढायचे, सरासरी नंतर. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने बदलते, वेगाचीच सरासरी काढली की चढउतार बुजतात.

घड्याळं जुळल्यावर जे उरलं ते मात्र खरं होतं, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. जून ते सप्टेंबर साताऱ्यात वारा जोरात, तेव्हाच नेपाळच्या नद्याही भरलेल्या. हिवाळ्यात दोन्ही मंद. ऋतूंची अदलाबदल इथे होत नाही. सावरणं शक्य आहे ते तासांच्या हिशेबात. नेपाळमधल्या अप्पर तामाकोशीसारख्या ४५६ मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाला काही तासांपुरतं पाणी अडवता येतं. पण तेही कोरड्या महिन्यांत. पावसाळ्यात नदी तुडुंब असते. वारा चढला म्हणून वीजनिर्मितीचे संच उतरवले तर तेवढं पाणी थेट सांडव्यावरून जातं.